जुनी शिडाची होडी: खान्देशात दुरुस्ती, जुळवणी आणि पहिलं पाणी

खान्देशात समुद्र नाही, पण शीड उभारायला पाणी पुष्कळ आहे. हतनूरचा फुगवटा चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमापर्यंत येतो. जळगावजवळ वाघूर आहे, चाळीसगावकरांना गिरणा धरण जवळ, तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशा इथले बॅरेज आणि नवापूरच्या अंगाला उकाईचं मागचं पाणी. वाऱ्याचीही वानवा नाही. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात त्या याच वाऱ्यावर. अडतं ते होडीपाशी. नवी परवडत नाही, पण मुंबई, पुणे, हैदराबादकडच्या क्लबांतून आणि हौशी लोकांकडून जुनी फायबरची होडी अधूनमधून विक्रीला निघते. ब्रिटिश होडी-रचनाकार जॅक होल्टने १९५६ साली आखलेली एंटरप्राइझ ही त्यातली ओळखीची जात: सव्वातेरा फूट लांब, नुसतं अंग साधारण ९० किलोचं. या लेखात अशा तेरा ते अठरा फुटी, ट्रेलरवर बसणाऱ्या आणि पोटातून खालीवर होणारं पातं असलेल्या होड्या डोळ्यांसमोर आहेत. त्या पात्याला पुढे सेंटरबोर्डच म्हणतो, बाजारात तेच नाव चालतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. होडीदुरुस्तीची बहुतेक पुस्तकं थंड, दमट देशांत लिहिलेली आहेत. तिथे लाकूड आणि फायबर वाळवणं हीच मोठी लढाई असते. आपल्याकडे एप्रिल-मे ते काम फुकट करून देतात, पण त्याच दिवसांत रेझिन, म्हणजे काचेचे धागे जखडून ठेवणारं पातळ रसायन, हाताळायला गेलात तर हातातल्या डब्यात त्याचा दगड होतो. म्हणून उन्हाळ्यात सोलायचं आणि वाळवायचं, पावसाळ्यात शेडखाली ट्रेलर, लोखंडकाम, दोऱ्या आणि शिडं उरकायची, चिकटवायचं आणि रंगवायचं दिवाळीनंतर. जानेवारीत धरणात पाणी असतं आणि वारा मवाळ असतो. पहिल्या फेरीला तो काळ उत्तम.

घेण्याआधी

खिशात एक नाणं, टॉर्च आणि जाड सुई ठेवा. नाण्याने डेक हळूहळू ठोकत जा. टणक आवाज येतो तिथे ठीक आहे. बद्द आवाज आला की दोन फायबरच्या थरांमधलं लाकूड कुजलंय किंवा थर सुटलाय. डोलकाठीच्या पायाभोवती, तिला ताणून धरणाऱ्या तारा जिथे अंगाला बांधल्या जातात त्या पट्ट्यांभोवती आणि मागच्या उभ्या फळीवर जिथे सुकाणू लटकतं तिथे दुप्पट वेळ द्या. होडीवरचा सगळा जोर या तीन जागी येतो. जेलकोटवर, म्हणजे अंगाच्या बाहेरच्या चकचकीत थरावर, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा मोकळ्या जागी असल्या तर त्या वरवरच्या असतात. बोल्टाच्या भोवती असल्या तर खालचा थर दबतोय असं समजा.

शिडं पिशवीतून काढून उलगडूनच बघा. डोलकाठी, बूम (शिडाची खालची कड धरणारी आडवी काठी), सुकाणू आणि सेंटरबोर्ड यांतलं काही हरवलेलं असेल तर, माझ्या मते, ती होडी सोडून द्यावी. अंगाला पडलेलं भोक बुजवता येतं, पण त्या मापाची डोलकाठी पुन्हा मिळवताना होडीच्या किमतीहून जास्त पैसे जातात.

ट्रेलर आधी

घरी आणायच्या वाटेवरच पहिली परीक्षा असते. मुंबईहून येताना कसारा घाट चढायचा, चांदवडजवळ राहूड घाट उतरायचा. ट्रेलरचा इतिहास ठाऊक नसेल तर होडी आणि ट्रेलर दोन्ही टेम्पोत चढवून आणा आणि ट्रेलरचं काम गावात निवांत करा.

तिथे आपली बाजू भक्कम आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधणाऱ्या वर्कशॉपना होडी नवी असेल, पण एक्सल, पाटे आणि यू-बोल्ट त्यांच्या हातात मुरलेले आहेत. चाकं काढा, हब उघडा. आतले दोन्ही बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन उजेडात धरा. रोलरवर निळसर डाग किंवा खड्डे दिसले तर बदला. बेअरिंगवर कोरलेला नंबर घेऊन गेलात की जळगाव-धुळ्यात जोड मिळते. ऑइल सील नेहमी नवं घाला. पाण्याला दाद न देणारं ग्रीस भरा, चाक फिरवत नट आवळा, मग थोडा ढिला करून स्प्लिट पिन घाला.

टायरच्या नक्षीवर जाऊ नका. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी उन्हाने म्हातारे होतात. बाजूवर चार आकडे असतात. ३२१५ म्हणजे २०१५ सालचा ३२ वा आठवडा. सहा-सात वर्षं उलटली असतील तर नक्षी कितीही ताजी दिसो, टायर बदला. मे महिन्यातल्या भुसावळच्या डांबरावर जुना टायर फुटला की ट्रेलर आडवा जातो.

होडीचं वजन मधल्या कण्याखालच्या रोलरांवर यायला हवं. बाजूच्या फळ्या फक्त तोल सांभाळायला असतात. वर्षानुवर्षं वजन या फळ्यांवर राहिलं तर बुडाला आत दाबलेले खड्डे पडतात आणि ते नंतर सहज निघत नाहीत. हुकावर एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के भार यावा, म्हणजे ट्रेलरसकट ३०० किलो असेल तर १५ ते ३० किलो. ट्रेलरचं नाक वजनकाट्यावर टेकवून ते मोजता येतं. भार कमी भरला तर होडी थोडी पुढे सरकवा, नाहीतर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही वाहनच आहे, तेव्हा नोंदणी, नंबरप्लेट आणि मागचे दिवे यांची सोय आधी आरटीओत विचारून करा.

सोलणं आणि वाळवणं

अंगावरचं सगळं काढा. प्रत्येक तुकड्याचा काढण्याआधी फोटो घ्या आणि त्याचे स्क्रू-वॉशर वेगळ्या पिशवीत नाव लिहून ठेवा. तळाचं बूच काढा, हवाबंद कप्प्यांची झाकणं उघडा. कुजलेल्या डेकचा वरचा थर कापून आतलं काळं पडलेलं लाकूड खरवडून घ्या, पण कापलेला थर नीट असेल तर जपून ठेवा, तोच परत बसतो.

मग होडी उन्हात ठेवा, पण तासन्‌तास थेट माथ्यावर ऊन घेऊ देऊ नका. हिरवी जाळी बांधा आणि खालून हवा खेळती ठेवा. एप्रिलच्या कोरड्या हवेत तीन-चार आठवड्यांत फायबर चांगलं वाळतं. खात्री करायला शंकेच्या जागी पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा. उन्हात एक दिवस गेल्यावर आतून बाष्प दिसलं तर अजून थांबायचं.

रेझिन: सगळ्यात नाजूक काम

जुन्या होड्या बहुतेक पॉलिएस्टर रेझिनच्या असतात. तेच रेझिन आणि काचेची मॅट फायबरचे दरवाजे, मूर्ती, कूलरच्या बॉडी बनवणारे कारागीर वापरतात. त्यांच्याकडून सुटं सामान मिळू शकतं आणि त्यांचा हातही बघून शिकण्यासारखा असतो. पण दुरुस्तीत जुन्या, पक्क्या झालेल्या फायबरला नवा थर घट्ट धरायला हवा, आणि तिथे इपॉक्सी हे दुसऱ्या जातीचं रेझिन पॉलिएस्टरहून कितीतरी सरस आहे. म्हणून जोराच्या जागी इपॉक्सी, साध्या वरवरच्या भरणीला पॉलिएस्टर, अशी वाटणी करा. एकदा इपॉक्सी लावलं की त्यावर पॉलिएस्टर किंवा जेलकोट नीट धरत नाही. तिथे वरून दोन भागांचा पॉलियुरेथेन रंगच द्या.

मॅट निवडताना बघा. साध्या चॉप मॅटचे तुटक धागे ज्या बाइंडरने (चिकट द्रव्याने) धरलेले असतात तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे तीच मॅट कडक राहते आणि वळणावर नीट बसत नाही. इपॉक्सीबरोबर विणलेलं काचेचं कापड घ्या.

हार्डनरची, म्हणजे रेझिन कडक करणाऱ्या द्रव्याची, गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे चूक झाली तर काम वाया जातं किंवा माणूस भाजतो. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर वजनाच्या १ ते २ टक्के घालतात आणि हवेप्रमाणे या मर्यादेत कमी-जास्त करता येतो. इपॉक्सीत प्रमाण बदलायचं नाही. डब्यावर लिहिलंय तेच, आणि तेही काट्यावर मोजून. जास्त हार्डनरने इपॉक्सी लवकर सुकत नाही, कायमचं मऊ राहतं. पॉलिएस्टरच्या कामात कोबाल्ट नावाचा जांभळा प्रवेगक असतो. कोबाल्ट आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, भडका उडतो, स्फोटही होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचा, हार्डनर नंतर. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावूनच काम करा, पाण्याची बादली हाताशी ठेवा आणि थेंब उडाला तर भरपूर पाण्याने धुत राहून तडक डॉक्टर गाठा.

आता उष्मा. तापमान दहा अंशांनी वाढलं की रेझिन जमण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. २५ अंशांना वीस मिनिटं हातात राहणारं रेझिन ४० अंशांना सहा-सात मिनिटांत जेलीसारखं होतं. डब्यात खोल साठलेलं रेझिन स्वतःच्या उष्णतेने आणखी घाईने जमतं, धूर येतो. म्हणून एका वेळी थोडंच मिसळा आणि पसरट ट्रेमध्ये ओता. हिवाळ्यात उलटी अडचण येते: धुळ्याचा पारा रात्री दहाच्या खाली उतरतो आणि पॉलिएस्टरला निदान पंधरा अंश लागतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळी दहाला सुरू करून दोनपर्यंत शेवटचा थर द्या, म्हणजे संध्याकाळच्या गारठ्याआधी तो पकडतो.

प्रत्यक्ष दुरुस्ती अशी करा. आधी ॲसिटोनने पुसा आणि नंतरच घासा. उलट केलंत तर जुनं मेण आणि तेल ओरखड्यांत शिरून बसतं. भोकाच्या कडा तिरक्या घासा, जाडीच्या बारापट. म्हणजे अंग ५ मिलिमीटर जाड असेल तर चारही बाजूंनी ६० मिलिमीटरचा उतार. उतार मोठा वाटतो, पण नव्या-जुन्याची पकड त्या उतारातच असते. आतल्या बाजूने मेण लावलेला पत्रा टेकवा. कापडाचे तुकडे लहान-मोठे कापून ठेवा. मी सगळ्यात मोठा तुकडा आधी लावतो, कारण जुन्या अंगाला जास्तीत जास्त धागे तोच धरतो. ब्रशने रेझिन टोचत न्या, रोलरने हवेचे बुडबुडे काढा. पॉलिएस्टर-मॅटच्या कामात रेझिन मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीचपट पुरतं. जास्त ओतलं तर थर ठिसूळ होतो. दोन-तीन थरांनंतर गार होऊ द्या.

पॉलिएस्टरचा शेवटचा थर हवेत चिकट राहतो, त्यात मेणाचं द्रावण मिसळून घ्या. इपॉक्सी सुकल्यावर पृष्ठभागावर कधीकधी ओशट साय येते. ती साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीने धुवा, मगच पॉलिश पेपर मारा. घासताना चांगला मास्क आणि पूर्ण बाह्या हव्यातच. काचेची धूळ घामाने भिजलेल्या कातडीत रुतते.

बोल्टाच्या भोकांसाठी एक चांगली सवय लावून घ्या. भोक मोठं करा, घट्ट केलेल्या इपॉक्सीने पूर्ण भरा, सुकल्यावर मधोमध मूळ मापाचं भोक पाडा. मग पाणी झिरपलंच तरी आतल्या लाकडापर्यंत पोचत नाही. सीलंट पॉलियुरेथेनचं घ्या. सिलिकॉन लावलेल्या जागेवर पुन्हा रंग किंवा रेझिन धरत नाही. रंग पांढरा किंवा फिकट द्या, आपल्या उन्हात गडद डेकवर हात ठेवता येत नाही. होडी ट्रेलरवर कोरडी राहणार असेल तर तळाला शेवाळरोधक महागडा रंग लागत नाही.

सेंटरबोर्डची पेटी

गळतीचं मूळ दहात आठ वेळा इथे सापडतं. पेटी बुडाला जिथे मिळते तो कोपरा पात्यावरच्या आडव्या जोराने सतत वाकत असतो, आणि पात्याच्या खिळीचा बोल्ट तर आरपार पाण्याखालूनच जातो. होडी कुशीवर वळवा, खाली जुने टायर ठेवा, बोल्ट काढून पातं बाहेर घ्या. बोल्टची भोकं लांबट झाली असतील तर इपॉक्सीने भरून नवी पाडा. बोल्ट स्टेनलेसचा, दोन्ही बाजूंना रबरी वॉशर आणि त्यावर मोठे स्टेनलेस वॉशर. कोपऱ्यात आतून इपॉक्सीची गोल भरणी करून त्यावर काचेच्या कापडाच्या दोन पट्ट्या चढवा.

पातं लोखंडी असेल तर पूर्ण गंज काढून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. रात्रभर उघडं ठेवलं तर सकाळी तांबूस छटा आलेली असते. रंगाच्या थरांनी पातं जाड होतं, म्हणून परत बसवण्याआधी पेटीची रुंदी आणि पात्याची जाडी मोजा. दोन्ही बाजूंना दोन-तीन मिलिमीटर मोकळं हवं. आपल्या धरणांत काळ्या मातीचा गाळ आहे आणि तो पेटीत चढून वाळला की पातं अडकून बसतं. प्रत्येक फेरीनंतर खालून पाइपने धुवा.

उलटली तरी तरंगली पाहिजे

हा भाग रंगाच्या आधी आणि शिडाच्या आधी. होडी कधीतरी उलटणार, ते गृहीत धरून आतले हवाबंद कप्पे तपासा. झाकणाच्या भोकातून तोंडाने हलकी हवा भरा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवा. बुडबुडे दिसतील तिथे सील करा. पंप किंवा कॉम्प्रेसर लावू नका, सांधे फाटतात.

कप्प्यांवर पूर्ण भरवसा नसेल तर जळगावच्या पाईप-बाजाराचा फायदा घ्या. ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा एक मीटर तुकडा दोन्ही टोकांना कॅप चिकटवून बंद केला की पाइपचं वजन वजा जाता साधारण ८ किलो उचलतो. दोन्ही कुशींना मिळून सहा मीटर बसवलेत तर जवळपास ५० किलोंचा आधार मिळतो. पट्ट्यांनी असे पक्के बांधा की होडी उलटल्यावर सुटणार नाहीत. थर्माकोल भरू नका: तो हळूहळू पाणी पितो आणि पॉलिएस्टर रेझिन लागलं की विरघळतो.

डोलकाठी, तारा, दोऱ्या

डोलकाठी ॲल्युमिनियमची आणि तिच्यावरचे स्क्रू स्टेनलेसचे असतात. दोन धातू ओलाव्यात भेटले की ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीत बदलतं. ती भुकटी दिसते तिथला तुकडा काढून बघा, भिंत पातळ झाली असेल तर आतून बाही घालून मजबूत करा. परत बसवताना मध्ये प्लॅस्टिकची पट्टी किंवा सीलंट ठेवा.

तारांवरून कापड फिरवा. धागा अडकला की तिथे एक तंतू तुटलेला आहे, आणि एक तुटला म्हणजे ती तार गेली. टोकांना दाबलेल्या नळ्या भिंगाखाली बघा, बारीक चीर असली तरी बदला. होडीबरोबर आलेल्या तारांचं वय ठाऊक नसेल तर सगळ्याच बदलणं मी पसंत करतो. स्टेनलेसची १९ तंतूंची तार घ्या. हार्डवेअरच्या दुकानातली जस्त चढवलेली विहिरीची तार या कामाची नाही.

शीड वर ओढायची दोरी पॉलिएस्टरची हवी, ती ताणत नाही. नायलॉन ताणतं, ते नांगराला लावा. पॉलिप्रॉपिलीनची स्वस्त दोरी तरंगते, पण आपल्या उन्हात एका मोसमात तिचे तुकडे पडायला लागतात.

शिडं

कापडाआधी शिवण मरते. अंगठ्याच्या नखाने टाके जोरात खरवडा. धागा तुटला तर सगळी शिवण पुन्हा घाला. ताडपत्री आणि मंडप शिवणाऱ्यांकडे जाड कापडाची मशिनं असतात. त्यांना उन्हात टिकणारा पॉलिएस्टर धागा तुम्ही आणून द्या आणि शक्य तिथे नागमोडी टाका मारायला सांगा, सरळ टाका ताणाखाली तुटतो. धुताना गार पाणी आणि सौम्य साबण. वॉशिंग मशीन, ब्लीच, इस्त्री यांतलं काही लागू देऊ नका.

अंगणात जुळवणी

सगळं पहिल्यांदा पाण्यावर जुळवायला जाऊ नका. मोकळ्या जागी ट्रेलर समतल करा आणि आधी वर बघा. शेतावरून आणि धरणाच्या वाटेवरून जाणाऱ्या विजेच्या तारा कित्येक ठिकाणी लोंबलेल्या असतात, आणि सहा-सात मीटरची ॲल्युमिनियमची डोलकाठी ११ हजार व्होल्टच्या तारेला लागली तर उभारणारा माणूस वाचत नाही. डोलकाठी उभी ठेवून ट्रेलर चार पावलंही हलवू नका.

काठी सरळ आहे का ते बघायला शीड ओढायच्या दोरीला स्टीलचा टेप बांधून वर चढवा आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांपर्यंतचं अंतर मोजा. ते सारखं भरेपर्यंत टर्नबकल (तार ताणायचा आट्यांचा स्क्रू) फिरवा. वरचं टोक किंचित मागे झुकलेलं ठेवा. ताण इतकाच की मध्यम वाऱ्यात वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूची तार जेमतेम ढिली पडेल. टर्नबकलला स्प्लिट पिन घालून वर टेप गुंडाळा, उघडी टोकं शीड फाडतात. मग शीड पूर्ण चढवा, उतरवा, निम्मं करून बांधा. हे डोळे मिटून जमेपर्यंत करा.

पाण्यावर

धरण जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतं. त्यांच्या कार्यालयाची परवानगी आधी घ्या आणि भिंतीजवळच्या बंदी असलेल्या भागात जाऊ नका. पावसाळ्यात होडी काढायचीच नाही; हतनूरला ४१ दरवाजे आहेत आणि ते उघडल्यावरच्या ओढीपुढे शीड काही करू शकत नाही. हिवाळ्यात तिथे स्थलांतरित पक्षी येतात, उथळ पाण्यातल्या त्यांच्या थव्यांपासून लांब राहा. मासेमारी करणाऱ्या भोई आणि कोळी मंडळींशी आधी बोला. जाळी कुठे लावलेली आहेत, बुडालेल्या बाभळी आणि विहिरी कुठे आहेत, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

बांधीव उतार क्वचितच मिळतो. काळ्या मातीच्या काठावर गाडी रुतते, तेव्हा मुरमाड किनारा शोधा आणि ओळखीच्या शेतकरी दादांचा ट्रॅक्टर व लांब दोर घ्या. प्रवासाने हब तापलेले असतात. ते तसेच पाण्यात घातले तर आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी बेअरिंगमध्ये ओढलं जातं. अर्धा तास थांबा, तेवढ्यात डोलकाठी उभी होते. तळाचं बूच लावलंय ते दोघांनी बघा.

पहिल्या फेरीला सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट, सोबत दोन वल्ही, पाणी उपसायला डबा आणि काठावर एक माणूस. किनाऱ्याजवळ मुद्दाम होडी उलटवा आणि सरळ करून बघा. कप्प्यांची खरी तपासणी तीच. लाटांच्या माथ्यावर सगळीकडे पांढरा फेस दिसू लागला की वारा ताशी २० किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. शीड त्याआधीच लहान करा. आणि मे-जूनमध्ये दुपारनंतर क्षितिजावर मातकट भिंत उठताना दिसली तर शीड उतरवून वल्ह्यांनी जवळचा काठ गाठा. रावेर-यावलच्या केळीबागा मिनिटांत आडवं करणारं वादळ तेच असतं.

परत आल्यावर होडी धुवा, बूच काढून ठेवा, ट्रेलरचं नाक उंच ठेवा म्हणजे पाणी मागे निथळतं. ताडपत्री बांधताना दोन्ही टोकांना हवेला वाट ठेवा, शिडं घरात न्या. आठवड्याभराने कप्प्यांची झाकणं उघडून आत हात फिरवा. ओल लागली तर कुठल्या सांध्यातून आली ते त्याच दिवशी शोधून खडूने खूण करा.